हीटर कोणी पळवला?

"आला बघ दलाल! गाडी अडली रे अडली, की उगवलाच!" फाटकाआडून चिमणी कुजबुजली.

सुट्टीला मावशी-काकांकडे आल्यापासून ती आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू रोज सकाळी हाच तमाशा बघत होते. मावशी कडाक्याच्या थंडीत रोपवाटिकेची डिझेल व्हॅन चालू करायला बसायची. व्हॅन नुसती खर्र खर्र करायची, पांढरा धूर ओकायची आणि गप्प! आज मावशीने अगदी हात टेकले होते. जुन्या गाड्यांचा दलाल दुपारी व्हॅन घेऊन जाणार होता. मग रोपं बाजारात न्यायची कशी? मावशी गुपचूप डोळे पुसत होती, ते चिमणीला बघवेना.

"इंजिन खलास आहे, ताई," दलाल म्हणाला. बॉनेटला हातसुद्धा न लावता!

"खलास? मग काल भर उन्हात पहिल्या किल्लीला कशी चालू झाली?" चिमणीने ढब्बूला कोपर मारलं. "कुठेतरी पाणी मुरतंय!"

दलाल मावशीबरोबर आत गेला, तशी दोघांनी बॉनेट उघडलं. चिमणी बाबांच्या गॅरेजात लुडबुड करतच मोठी झाली होती.

"डिझेल इंजिनात ठिणगी नसते, ढब्बू. हवा जोरात दाबली की तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. पण गारठलेलं इंजिन ती सगळी ऊब गिळून टाकतं. म्हणून आत हीटर प्लग असतात. आधी ते लालबुंद तापवायचे, मग गाडी चालू करायची."

"पण किल्ली फिरवली की स्टीअरिंगसमोरचा पिवळा दिवा तर लागतो!"

"दिवा लागला म्हणजे प्लग तापलाच, असं थोडंच आहे? फिरव किल्ली!"

तिने गाडीच्या हत्यारांतला वायरी जोडलेला बल्ब घेतला, त्याची एक वायर प्लगच्या टोकाला लावली, दुसरी इंजिनाला. बल्ब ढिम्म! वीज पोचतच नव्हती. तिने फ्यूजचा डबा उघडला. 'हीटर' लिहिलेली जागा रिकामी!

"चोर सापडला!" म्हणत दोघं घरात घुसली. "मावशी, यांनी फ्यूज पळवला!"

"मी?" दलाल चाचरला. "अगं, मला तो डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही!"

"आणि म्हणे इंजिन खलास!" मावशी कडाडली.

इतक्यात कोपऱ्यात बसलेल्या काकांचं वर्तमानपत्र हळूच खाली आलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"तो... मीच काढला. गाडीत गरम हवा यायची, रोपं कोमेजायची. हीटर लिहिलेलं दिसलं, म्हणून उपटला!"

"मग गरम हवा थांबली?" मावशीने विचारलं.

"नाही ना! त्याचंच तर मला नवल वाटत होतं!"

ढब्बू पोट धरून हसला. काकांच्या खिळ्यांच्या डब्यातून फ्यूज बाहेर निघाला. किल्ली बंद करून चिमणीने तो बसवला. मावशीने किल्ली फिरवली, प्लग तापून दिवा विझेपर्यंत धीर धरला आणि... धडधडधड! व्हॅन चालू!

चिमणीने दलालाची माफी मागितली. तो मान खाली घालून निघून गेला.

"इंजिनाची डॉक्टरीण गं माझी!" मावशीने तिला घट्ट जवळ घेतलं. "चल, आज तुम्ही दोघं पुढे बसा."

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"तुम्ही मागे, रोपांबरोबर. तिथे गरम हवा येत नाही!"