लंगड्या शिपायाची हाडं

दोन्या फेलिपा नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायला गेली, तर माती खचलेली होती. खाली पेटी फुटलेली. आत एकही हाड नव्हतं.

फौजदार ग्रिसेल्दा ओहेदा दफनभूमीत पोहोचली, तोवर गावानं चोर ठरवूनही टाकला होता. कबरी खणणारा सिक्स्तो. माणसाच्या हाडाचे ताईत कोरून तो विकायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सिक्स्तोनं मान खाली घातली. ताईत कोरतो, म्हणाला, पण हाड गाईचं असतं. गिऱ्हाइकाला माणसाचं म्हणून सांगतो.

ग्रिसेल्दाला शिसारी आली. तरी तिला त्याचं खरं वाटलं. ताईताला बोटभर हाड पुरतं. अख्खा माणूस कोण कशाला उचलेल?

"तुमचा नवरा, इसाबेलिनो, कसा होता?" तिनं विधवेला विचारलं.

"लाकूडतोड्या. पायावर झाड पडलं. इथल्याच दवाखान्यात मांडीला लोखंडी पट्टी ठोकली. मरेपर्यंत लंगडत होता."

दुपारी ग्रिसेल्दाला चर्चमध्ये बंदोबस्त होता. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात लंगडा शिपाई याग्वारे नदी ओलांडायचा उतार एकट्यानं अडवून धरताना मेला, ही गोष्ट इथलं पोर न् पोर जाणतं. शेजारचं गावही त्याच्यावर हक्क सांगे. पण गेल्या महिन्यात स्मारक समितीचे अध्यक्ष डॉक्टर बार्सेना यांना नदीकाठी त्याची हाडं सापडली, आणि वाद मिटला. आज ती स्मारकाखाली पुरायची होती. मंत्री आले होते.

काचेच्या पेटीतली हाडं वार्निश लावून चकचकीत केलेली. लिलीच्या फुलांतूनही तो वास नाकात शिरत होता. डॉक्टर पाहुण्यांना मांडीचं वाकडं हाड दाखवत होते. त्यावरची भोकं छर्ऱ्यांची, असं सांगत होते.

ग्रिसेल्दा वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पाहुण्यांना बाहेर काढलं, पाद्रीबाबांना दार लावायला सांगितलं आणि महापौरांना व दोन्या फेलिपाला आत घेतलं.

"हाडं कशात सापडली, डॉक्टरसाहेब?"

"वाळूत. नदीकाठच्या."

"पांढऱ्या?"

"इथं दुसरी कुठली आहे?"

"मग भोकांत लाल माती कशी? लाल माती दफनभूमीच्या टेकडीवर आहे."

डॉक्टर पेटीच्या आड येऊन उभे राहिले.

"छर्रा हाड फोडतो," ग्रिसेल्दा म्हणाली. "ही भोकं गोल आहेत, एका रेषेत आहेत. स्क्रूची आहेत. तुम्ही पट्टी काढलीत, हाडं धुतलीत, पण वार्निशखाली माती राहिली. नदीकाठी तुम्हाला काहीच मिळालं नव्हतं. एक लंगडा माणूस कुठं पुरलाय, हे मात्र माहीत होतं. गावात हाडांचं ऑपरेशन करणारे तुम्ही एकटेच. हा पाय तुम्हीच बसवला होता."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "या माणसाला जिवंतपणी कुणी रामराम केला नाही. आज मंत्री सलाम करणार होते. मी त्याचं भलंच केलं."

ग्रिसेल्दानं कमरेच्या बेड्या हातात घेतल्या. ती काही बोलणार, तोच महापौर कुजबुजले की एवढा समारंभ उरकू द्या, अटक काय, संध्याकाळीही होईल. पाद्रीबाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुम्हालाही नेऊ का?" तिनं महापौरांना विचारलं आणि डॉक्टरांच्या हातात बेड्या घातल्या.

दोन्या फेलिपानं खांद्यावरची शाल काढून काचेच्या पेटीवर पांघरली. बाहेर मानवंदनेसाठी शिपायांची रांग लागली होती. हुकमाचा आवाज आत आला.

"त्यांना म्हणावं, बंदुका उडवू नका," ती म्हणाली. "फटाका वाजला तरी तो खाटेखाली शिरायचा."

ग्रिसेल्दा दार उघडून बाहेर गेली आणि तिनं शिपायांना बंदुका खाली करायला लावल्या.