थांबल्यानंतरचा एक हुकूम

"तू दिवसभर त्या डब्यासमोर बसून करतेस तरी काय?" असं साधनाला अमरावतीतल्या तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी विचारून झालं होतं. तिचं उत्तर ठरलेलं असे: दुभाष्याचं काम. ते खोटंही नव्हतं. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला कळेल अशा भाषेत, प्रोसेसरला कळतात फक्त त्याचे ठरावीक हुकूम, आणि मधे बसून एकाचं दुसऱ्याला समजेल असं करून देतो तो कंपायलर. साधनाची नोकरी त्यातलीच होती. नोकरीतून उरलेल्या वेळात मात्र ती एका कधीच्या बुडालेल्या कंपनीच्या, तीस वर्षं जुन्या गेम कन्सोलसाठी कंपायलर तयार करत होती. जगभरातल्या पाचपन्नास हौशी लोकांना त्या कन्सोलवर नवे गेम लिहायचे होते, आणि त्याचा प्रोसेसर इतका तऱ्हेवाईक होता की बाकीच्यांनी केव्हाच हात टेकले होते. साधनाने टेकले नव्हते. ती पक्की हट्टी होती, आणि हा हट्ट तिने बापाकडून घेतला होता.

कन्सोल तिला मिळाला अकोल्यात, धम्मदीप नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे. टीव्ही, मिक्सर, व्हिडिओ गेम, जे येईल ते हा गडी उघडायचा. पन्नाशीचा, अबोल. कन्सोल पिशवीत भरून देताना तो म्हणाला, "ताई, हे बंद केलं की लगेच हात नका लावू. एक घडी जाऊ द्या."

"काहून? शॉक लागते?"

"शॉक नाही लागत." त्याने पिशवीला नीट गाठ मारली. "म्या एकदाच चालवलं होतं. मंग नाही चालवलं."

साधना पुढे विचारत बसली नाही. तिची बस होती.

त्या प्रोसेसरची खोड अशी. प्रोग्राममध्ये इथलं काम सोडून तिथे उडी मार, असा एक हुकूम असतो. हा प्रोसेसर तो हुकूम वाचतो, पण लगेच उडी मारत नाही. पाठोपाठ लिहिलेला एक हुकूम पार पाडतो आणि मगच उडी मारतो. काही जुन्या प्रोसेसरांना ही सवय असतेच, त्यात नवल नाही. नवल पुढे होतं. 'थांब' या हुकमानंतरसुद्धा हा एक हुकूम पार पाडत होता. जो थांबला, तो काम कसं करेल? साधनाने तीन दिवस वेगवेगळ्या वाटांनी तपासून पाहिलं. दर वेळी तो थांबे, आणि थांबल्यावर एक काम करे. एकच.

त्या एका जागेत काय ठेवायचं हे कंपायलरने ठरवायचं असतं. सोपा मार्ग म्हणजे तिथे 'काही करू नको' असा रिकामा हुकूम ठेवून द्यायचा. हुशारीचा मार्ग म्हणजे वर लिहिलेला एखादा कामाचा हुकूम उचलून खाली आणायचा आणि त्या जागेत बसवायचा, म्हणजे जागा वाया जात नाही. वरून उचलला की तो वर राहत नाही, हे काही वेगळं सांगायला नको. साधना हाच भाग लिहीत होती आणि काम अगदी रंगात आलं होतं, तेव्हा बाबांचा फोन वाजला.

बाबा म्हणजे नत्थुजी. बाळापूरजवळच्या खेड्यात झेंडू आणि शेवंती पिकवून अकोल्याच्या बाजारात नेणारा माणूस. आवाज असा, की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारली तर नदीपल्याडची माणसंही मान वर करून बघत. "साधना वंऽऽ!" ही हाक ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. फोनवरही ते तसेच ओरडत. फोनमध्ये आवाज आपोआप जातो यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

"साधना वंऽऽ! आयक, तुले एक सांगाचं होतं..."

"बाबा, पाच मिनिटांनी करते. काम अडकलं आहे."

तिने फोन ठेवला. पाच मिनिटांची संध्याकाळ झाली, संध्याकाळची रात्र झाली, आणि ती विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी झेंडूच्या वाफ्यात पडले, ते उठले नाहीत. मेंदूत रक्तस्राव. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांना व्हेंटिलेटर लावला.

त्यानंतर साधनाच्या जिवाला थारा राहिला नाही. एक दिवस अमरावती, एक दिवस अकोला. मूर्तिजापूरचा फाटा किती वेळा मागे गेला याची गणती तिने सोडून दिली. आत सोडलं की ती बाबांच्या कानाशी वाकून विचारी, "बाबा, काय सांगायचं होतं?" पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की नर्सने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांना काय सांगायचं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आईला नाही, धाकट्या भावाला, सागरलाही नाही. कदाचित काही साधंच असेल, झेंडूचा भाव नाही तर पावट्याच्या शेंगा. पण तिने ऐकून घेतलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिला अन्न गोड लागू देत नव्हती.

घरी असली की ती कन्सोलसमोर बसे. नाहीतर वेड लागायची वेळ होती. बाबा पडल्यापासून बाराव्या दिवशी तिने पहिल्यांदा 'वरचा उचलून खाली' ही सोय चालू केली, प्रोग्राम कन्सोलवर चढवला, तो चालता ठेवला आणि ती भाताचा कुकर बघायला गेली. तिसरी शिट्टी झाल्यावर तिने गॅस बंद केला. कुकर ओट्यावर उतरवला. दोन मिनिटांनी, गॅसपासून हातभर लांब असलेल्या त्या कुकरने सणसणीत शिट्टी मारली.

"चार कशा झाल्या?" ती म्हणाली.

"चार कुठं? तीनच," पियुष बाहेरून म्हणाला. पियुष तिचा नवरा, सकाळची शाळा शिकवून आलेला, पेपर वाचत बसला होता. "तू दोनवरच गॅस बंद केला. मी म्हणणारच होतो."

तिने वाद घातला नाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

साधना देवभोळी नव्हती. तिने वही काढली. कन्सोल चालू ठेवून नळ बंद केला, तर नळ कोरडा झाल्यावर एक पेलाभर पाणी भसकन आलं. कन्सोल बंद ठेवून नळ बंद केला, काही नाही. पंखा, मिक्सर, दाराची बेल. चालू असताना थांबलेली वस्तू एकदा, एकदाच, पुन्हा चालायची. बंद असताना मुकाट. रिकाम्या हुकमाचा प्रोग्राम चढवला तरी मुकाट. तीन दिवसांत तिने बावीस नोंदी केल्या आणि त्यातली एकही चुकली नाही. 

सोळाव्या दिवशी दुपारी सागरचा फोन आला. कन्सोल चालूच होता.

"ताई, डॉक्टर म्हणून राहिले, आता काही उरलं नाही. उद्या अकराले मशीन काढतो म्हणतात. म्या सही केली." त्याचा आवाज बसला होता. "आई दोन दिवसांची जेवली नाही. तू ये."

"येते," म्हणून तिने फोन ठेवला. पडदा काळा झाला. तिने तो टेबलावर पालथा घातला, आणि पालथ्या फोनमधून सागर बोलला.

"आई दोन दिवसांची जेवली नाही."

तिने पुन्हा फोन लावला. "सागर, तू आता काय म्हणाला?"

"आई जेवली नाही म्हटलं. आयकू नाही आलं काय?"

"ते तर तू आधीच सांगितलं होतं."

"आधी कुठी? आत्ताच तं बोललो, अखेरीले."

इथे साधनाने थांबायला हवं होतं. हा सगळा मामला तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता, तो तिच्याहून जास्त कोणाला कळणार होता? पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. थांबल्यानंतर एक. उद्या अकराला बाबा थांबणार, आणि थांबल्यानंतर एक. अर्धवट राहिलेलं ते वाक्य ते पुरं करतील. बस, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती.

सकाळी सहाला तिने प्रोग्राम नव्याने चढवला, इन्व्हर्टर तपासला आणि पियुषला उठवलं. "मी फोन करेपर्यंत हे बंद पडू द्यायचं नाही. लाइन गेली तरी नाही, कोणी आलं तरी नाही."

"साधना, बाबा चालले अन् तू या डब्याचं काय सांगून राहिली?"

"पाया पडते तुझ्या."

ती खरंच वाकली. पियुष घाबरला आणि काही न विचारता खुर्ची ओढून कन्सोलपाशी बसला.

दवाखान्यात अकराच्या आधी ते तिघे पलंगाभोवती उभे राहिले. आई पार्बताबाई पायाशी, सागर डावीकडे, साधना उशाशी. बाबांच्या नखांत अजून काळ्या मातीची रेघ होती. इतके दिवस पुसूनही ती गेली नव्हती. खिडकीबाहेर कोणीतरी संत्र्यांची गाडी लावून ओरडत होतं. डॉक्टरांनी नळी काढली आणि ते मागे सरले.

छाती दोनदा वर आली.

मग आली नाही.

यंत्रावरची रेघ सपाट झाली. डॉक्टरांनी मानेला बोटं लावली, छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ. मग घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. नर्सने वेळ लिहिली.

आईने पदर तोंडात कोंबला. साधना रडत नव्हती. ती बाबांच्या ओठांकडे बघत होती.

नर्सने यंत्र बंद केलं. खोली एकदम गप्प झाली. खिडकीखालचा संत्रेवालाही गप्प झाला होता.

बाबांचे ओठ उघडले.

"साधना वंऽऽ!"

धुऱ्यावरची हाक. भर छातीतली. काचेचं तावदान तिने झणझणलं. नर्सच्या हातातला कागद खाली पडला.

"बाबा!" साधना ओरडली. "बोला ना बाबा! काय सांगायचं होतं?"

ओठ तसेच उघडे राहिले. त्यातून पुढे काही आलं नाही. तिने त्यांचे खांदे हलवले, ती तोंडाशी कान नेऊन बसली, सागरने तिला ओढून बाजूला केलं तोवर. डॉक्टरांनी पुन्हा मानेला बोटं लावली. "कधीकधी छातीत हवा अडकलेली असते," ते म्हणाले. पण बोटं त्यांनी बऱ्याच वेळाने काढली.

तिने पियुषला फोन करून सांगितलं, बंद कर. त्याने केलं.

तेरवी गावी झाली. पाहुणे पांगल्यावर माय-लेकी ओसरीवर बसल्या होत्या, समोर न तोडलेला झेंडू उन्हात वाळत होता. साधनाला आता थोडं हलकं वाटत होतं. वाक्य मिळालं नव्हतं, पण हाक तर मिळाली होती. आयुष्यभर पुरेल, असं तिला वाटलं.

"एक बरं झालं, पोरी," पार्बताबाई म्हणाल्या. "जाता जाता त्यायनं तुले हाक मारली. इतक्या वर्षांत म्या त्या दिवशीच पयल्यांदा आयकली."

साधनाला आधी हसूच आलं. "काय बोलतेस आई! रोज धुऱ्यावरून कोण ओरडत होतं मग?"

पार्बताबाईंनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. "धुऱ्यावरून? नाई वं. थे तुले कवाच हाक नोयते मारत."

"सागर, तू सांग हिला."

सागर खांबाला टेकून बसला होता. "बाबा अन् तुले हाक? ताई, तुले बोलवाचं असलं का मले धाडत. माह्ये पाय दुखून जायचे लहानपणी."

 कुकर साधनाला आठवला. पालथा फोन आठवला. वरून उचललेला हुकूम वर राहत नाही, आणि बाबांची हाक आयुष्यभर एकच होती. तिने सागरचा फोन जवळजवळ हिसकावून घेतला आणि त्यात त्याच्या लग्नाचा व्हिडिओ शोधला. त्यातली ती जागा घरात सगळ्यांच्या तोंडपाठ होती. पंगतीत बाबा मांडवाच्या टोकावरून तिला अशी काही हाक मारतात की बँडवाला वाजवायचा थांबतो आणि सगळी पंगत हसते. तिथवर तिने व्हिडिओ पुढे नेला.

पंगत बसलेली. बाबा मांडवाच्या टोकाला, हातात बुंदीची बादली, तोंड मिटलेलं. बँड वाजत होता, तो वाजतच राहिला. कोणी हसलं नाही. आणि हातात पत्रावळी घेतलेली, सात वर्षांपूर्वीची साधना एकदम वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ओऽ! आली नं, बाबा!"

"हे तं आमी लय खेपा पायलं," सागर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. "तू कोणाले ओ देली, थे काही समजतच नाई."