मूलकभक्षक

मिरजेच्या वार्धक्य-संशोधन प्रयोगशाळेत त्या दिवशी भलताच निकाल हाती आला. बारा हृदयरुग्ण, तीन महिने रोज तासभर चालणं आणि रोज एक कॅप्सूल. अकरा जणांच्या रक्तात मुक्तमूलक जवळपास शून्य, पण हृदयं होती तिथेच. बाराव्या कोरेआप्पांचं रक्त मात्र मूलकांनी भरलेलं, आणि हा सत्तरीचा गडी चार जिने चढून वर आला होता!

"हे काय आक्रीत!" डॉ. शर्मिष्ठा गुळवणी चक्रावली. कॅप्सूलमधला मूलकभक्षक रेणू तिनेच घडवला होता. पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा मुक्तमूलक सुटतात. त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून ते दिसेल त्याच्याकडून दुसरा हिसकावतात. पेशींची आवरणं फाटतात, रक्तवाहिन्या कडक होतात. सगळे मूलक गिळून टाकले की हृदय सावरणारच, अशी तिला खात्री होती. त्या भरवशावर तिने घरी वडिलांनाही, नानांना, रोजच्या चालण्याबरोबर कॅप्सूलची दुप्पट मात्रा सुरू केली होती. नानांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता पस्तीस टक्क्यांपर्यंत वाढली तरच सर्जन झडप बदलणार होते. ती अठ्ठावीसवर अडली होती आणि शेवटची तपासणी उद्यावर आली होती.

"आप्पा, कॅप्सूल नीट घेता ना?"

आप्पांनी ओशाळून पिशवीतून डबा काढला. नव्वदच्या नव्वद तशाच.

"रागावू नका बाई. ह्याचं कवच जनावराच्या हाडापासून करत्यात, असं जावई म्हणाला. आम्ही लिंगायत, आम्हाला चालत न्हाई. तुम्ही एवढ्या मायेनं देताय, नको कसं म्हणायचं?"

शरीरक्रियातज्ज्ञ डॉ. मुजावर आधी खो खो हसले, मग त्यांनी निकालाचा कागद पुन्हा पुढे ओढला.

"शर्मिष्ठा, चालताना मूलक वाढतात. थोडे वाढले की पेशी सावध होते, नवी ऊर्जाकेंद्रं बांधते. ताकद वाढव, हा निरोप तेच देतात. आपण निरोप्यांनाच गिळलं."

"म्हणजे अकरा जण..."

"फुकट चालले. फार मूलक वाईटच, पण अगदी शून्यही नको गं."

शर्मिष्ठाने घाईघाईने घरी फोन लावला.

"नाना, कॅप्सूल बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, एक दिवस चुकवली नाही मी," नाना कौतुकाने म्हणाले. "आणि उद्या तपासणी ना, म्हणून आज एक जास्तच घेतली."