दिवसा जळणारा दिवा

"बंद! पुन्हा बंद!"

सुतळी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या चाकावरचं मडकं वाकडं झालं. कुंभारकाकांनी चिखलाचा हात कपाळावर मारून घेतला. पण सुतळीचं तिकडे लक्षच नव्हतं. लाकडी पेटीच्या काचेला नाक लावून ती आतला तापमापक वाचत होती.

"पस्तीस! साडेसदतीस हवं आणि पस्तीस!"

सुतळी बारा वर्षांची. अंगाने सुतळीसारखीच बारीक, आणि खिशात कायम दोऱ्याचं गुंडाळं, म्हणून हे नाव. मेळ्यातल्या 'करून पाहा' मंडपात मुलांना काय हवं ते हाताने करून बघता येत होतं. कुंभारकाकांच्या चाकावर मडकं घडवा, सूतवालीकडे लोकर काता, विज्ञानाच्या बाईंकडे सूक्ष्मदर्शकातून डासाचा पाय पाहा. आणि मंडपाच्या कोपऱ्यात होती सुतळीची उबवणीची पेटी. आत अकरा अंडी, पाण्याची वाटी, आणि ऊब देणारा एक पिवळा बल्ब.

ही अंडी काही विकत आणलेली नव्हती. सुतळीची लाडकी काजळी कोंबडी अंड्यांवर बसलेली असतानाच एका कुत्र्याने तिला उचललं होतं. अंडी तेवढी मागे राहिली, अजून कोमट. सुतळी रडत रडत सुतारमामाकडे गेली. मामाने त्याच संध्याकाळी उरलेल्या फळ्यांची पेटी ठोकून दिली. तेव्हापासून शाळा असो, ताप असो, सुतळीने दिवसातून तीनदा प्रत्येक अंडं फिरवलं होतं. चुकू नये म्हणून अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसरीला गोल, आणि डोक्यावर नंबर. आज एकविसावा दिवस. सकाळीच सात नंबरला बारीकसा टोचा पडला होता आणि आतून 'चिव' असा आवाज आला होता. काजळीचं जे काही उरलं होतं ते या पेटीतच होतं.

"मंडपामागच्या बोर्डावरचं बटण कुणीतरी बंद केलंय," तिची आतेबहीण ताईसाहेब धावत येऊन म्हणाली. तेरा वर्षांची ताईसाहेब सगळ्यांना हुकूम सोडायची, म्हणून ताईसाहेब. "मी चालू केलं. काल एकदा, आज सकाळी एकदा, आणि आता हे! हा योगायोग नाही. हा कट आहे!"

"माइकवाला!" सुतळीचा दहा वर्षांचा भाऊ भोंगा गरजला. साधं 'पाणी दे' म्हटलं तरी हा तीन घरांना ऐकू जायचा. "त्याची वायर त्याच बोर्डाला आहे!"

तिघे थेट माइकवाल्याकडे गेले. तो गेला तासभर 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' एवढंच भाषण करत होता.

"मी कशाला तुमच्या बटणाला हात लावू? माझं स्वतःचं बटण मला सापडत नाही! चला, पळा!"

मोठ्या माणसांकडे गेलं की असंच व्हायचं. बाईंसमोर सूक्ष्मदर्शकाला ही मोठी रांग होती, त्या म्हणाल्या, "थोड्या वेळाने हं, बाळांनो." वायरमन म्हणाला, "चालू केलंत ना? मग झालं तर!" मेळ्याचे अध्यक्ष आजोबा तेवढ्यात तिथून चालले होते. एके काळी गावातल्या निम्म्या लोकांचे मुख्याध्यापक, पांढराशुभ्र सदरा, काठी आणि करारी चेहरा. सुतळीने धीर करून तोंड उघडलं.

"आजोबा, आमच्या पेटीचं—"

"वा, वा, छान! जे कराल ते नीट करा!" असं म्हणून ते कुंभारकाकांच्या गळत्या नळाकडे वळले, नळ घट्ट बंद केला आणि पुढे गेले.

"आता आपणच बघायचं," ताईसाहेब म्हणाली. "सुतळी, कागद काढ."

सुतळीने वहीचं एक मधलं पान काढलं, जाड पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे बटण बंद करू नये. आत जीव आहेत.' आणि चिकटपट्टीने बटणावर लावलं. पहाऱ्याला भोंगा.

"इथून हललास तर बघ," सुतळीने बजावलं.

"मेलो तरी हलणार नाही!"

तो मेला नाही. पण हलला.

जेवणं आटोपून सुतळी परत आली, तेव्हा बोर्डापाशी कुणीच नव्हतं. बटण बंद. कागद गायब. भोंगा कुंभारकाकांच्या चाकाशी, कोपरापर्यंत चिखल, तोंडावर स्वर्गसुख.

"फक्त पाच मिनिटं गेलो होतो गं!" तो रडवेला झाला.

त्याला ओरडायलाही सुतळीला वेळ नव्हता. तिने बटण दाबलं आणि पळत येऊन काचेतून पाहिलं. आत अंधार. पुन्हा दाबलं. अंधारच. सारखं चालू-बंद करून बिचारा जुना बल्ब उडाला होता.

"त्यात काय एवढं!" वायरमन म्हणाला आणि त्याने दोन मिनिटांत नवा बल्ब बसवलाही. पेटी लख्ख उजळली. "बघ, दुप्पट उजेड आणि वीज निम्मीसुद्धा नाही!"

सुतळीने पेटीवर हात ठेवला. तापमापकाकडे बघितलं. बत्तीस. एकतीस.

"काका, हा तापतच नाही! अंड्यांना उजेड नकोय, ऊब हवीय. तारेचा पिवळा बल्ब हवा, पूर्वीसारखा!"

"तसले बल्ब आता कुठे मिळायला, पोरी?" वायरमन डोकं खाजवत म्हणाला.

मंडपात सुतारकाम दाखवणारा सुतारमामा हातातली करवत टाकून सायकलवर दुकानं पालथी घालायला गेला. इकडे तापमापक एकोणतीसवर आला. सुतळीने काचेला कान लावला. सकाळी येणारा चिव आवाज थांबला होता. झाकण उघडायची सोय नव्हती, आतला ओलावा गेला असता तर टरफलाखालचं पातळ पापुद्र्याचं अस्तर सुकून पिल्लाला चिकटलं असतं. तिला काहीच करता येत नव्हतं. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे ती अंडी, आणि मध्ये एवढंसं अंतर.

"रडत बसू नकोस!" ताईसाहेब म्हणाली, आणि स्वतःच नाक पुसू लागली. "ऊब देणारं इथे आणखी काय आहे?"

"भट्टी!" भोंगा ओरडला. "काकांची भट्टी सकाळी पेटली होती. विटा अजून गरम आहेत!"

झालं! भोंग्याने विटा आणल्या, कुंभारकाकांनी त्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या चारही बाजूंना लावल्या. सूतवालीने न कातलेल्या लोकरीची अख्खी गोणी ओतली. हवेची भोकं मोकळी ठेवून सुतळीने सगळ्यावरून दोऱ्याचे वेढे घातले. वीट गार झाली की भोंगा धावायचा. एवढा धावला की त्याला बोलायला दम उरला नाही, आणि ही गोष्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती.

तीस. बत्तीस. तेहतीस. तिथे काटा जो अडला, तो अडलाच.

"शेवटची वीट," कुंभारकाका हळूच म्हणाले. "भट्टी विझली, बाळ. पुन्हा पेटवायला लाकूड नाही."

तेवढ्यात सुतारमामा आला. रिकाम्या हाताने. त्याने फक्त मान हलवली.

आणि नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. अध्यक्षांचं भाषण! सगळ्या मुलांनी व्यासपीठासमोर बसायचंच, असा नियम होता. बाईंनी तिघांनाही हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. "पाचच मिनिटं," त्या म्हणाल्या. सुतळीच्या डोळ्यांसमोर तो काटा खाली खाली येत होता आणि ती मांडी घालून बसली होती.

अध्यक्ष आजोबा उभे राहिले. चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी भाषणाचा कागद अगदी डोळ्यांजवळ धरला.

"बालमित्रांनो! निसर्गाकडे उघड्या डोळ्यांनी पाहायला शिका! आणि काहीही वाया घालवू नका. आज सकाळीच मी तीन गळते नळ बंद केले—"

भोंगा एकदम ताठ झाला. कागदाची मागची बाजू बरोबर त्याच्या समोर होती. त्यावर जाड पेनने काहीतरी लिहिलेलं होतं. भोंग्याला लिहिलेलं दिसलं की ते मोठ्याने वाचायची खोड होती.

"हे बटण बंद करू नये! आत जीव आहेत!"

सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. मुलं खदाखदा हसली. सुतळी मात्र हसली नाही. तिचं स्वतःचं अक्षर तिच्यासमोर हलत होतं. ती उभी राहिली.

"आजोबा, तो कागद आमचा आहे. तुम्हाला कुठे मिळाला?"

"अगं, बस खाली!" बाई कुजबुजल्या.

अध्यक्षांनी कागद उलटा केला. डोळ्यांजवळ नेला. वाचला. पुन्हा वाचला.

"बोर्डाखाली धुळीत पडला होता," ते सावकाश म्हणाले. "वाऱ्याने निघाला असेल. एका बाजूला काहीतरी खरडलेलं होतं, दुसरी कोरी होती. चांगला कागद वाया जातोय, म्हणून उचलला. मी फक्त कोरी बाजू पाहिली."

"आणि बटण?"

"काचेतून दिवा दिसायचा. लखलखीत ऊन, आणि दिवा चालू!" त्यांचा आवाज माइकमधून सगळीकडे ऐकू जात होता, पण तो आता अध्यक्षांचा आवाज राहिला नव्हता. "जाता-येता मीच बंद केला, मुली. आत काय होतं?"

"काजळीची पिल्लं," सुतळी म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. "बल्ब उडाला. पिवळा बल्ब हवाय आणि तो कुठेच मिळत नाही!"

अध्यक्ष आजोबांनी काठी खुर्चीला टेकवली आणि भाषण अर्धवट टाकून पायऱ्या उतरले.

"माझ्याकडे आहेत! बदलले तेव्हा टाकवले नाहीत. माळ्यावर खोकंभर पडलेत. कुणाकडे सायकल आहे?"

सुतारमामाने सायकल पुढे केली. आजोबा मागे बसले, आणि ती वरात बघायला माइकवालासुद्धा 'हॅलो' म्हणायचं विसरला.

पंधरा मिनिटांनी पेटीत पुन्हा पिवळा दिवा लागला. चौतीस. छत्तीस. साडेसदतीस. सगळ्यांनी श्वास रोखले. सुतळीने काचेला कान लावला. काही नाही. आणखी थोडा वेळ गेला. काही नाही.

"बक्षीस समारंभ आहे, सर," कुणीतरी येऊन सांगितलं.

"तुम्ही उरकून घ्या," आजोबा म्हणाले आणि स्टूल ओढून पेटीसमोर बसले.

ऊन कलायला आलं तेव्हा अगदी पुसट आवाज आला. चिव.

"सात नंबर!" तिघे एकदम ओरडले.

टोच्याची भेग झाली, भेगेतून ओली चोच दिसली. पिल्लू एक धक्का द्यायचं आणि निपचित पडायचं. पुन्हा धक्का, पुन्हा निपचित. आजोबांना ते बघवेना. त्यांचा हात झाकणाकडे गेला.

"दमलंय गं बिचारं. माझ्यामुळे दमलंय. जरा टरफल सोलून देऊ या?"

"हात लावू नका!" सुतळी ताडकन म्हणाली, आणि आपण कुणाला दरडावलं हे कळून जीभ चावली. "म्हणजे, आत अजून रक्ताच्या बारीक शिरा असतात, आजोबा. सोललं तर ते मरेल."

"मग आपण काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

एवढी वर्षं लोकांना उभं करणारा आणि बसवणारा तो माणूस, बारा वर्षांच्या पोरीच्या सांगण्यावरून मुकाट्याने हात मांडीवर घेऊन बसला. सूर्य मावळता मावळता टरफलाची टोपी उडाली आणि ओलं, काळं, वाकड्या मानेचं एक पिल्लू बाहेर लोळलं.

"काळं आहे!" भोंगा ओरडला. "अगदी काजळी!"

त्या रात्री पेटीवर लक्ष ठेवायला सुतारमामा मंडपातल्या बाकावरच झोपला. मेळ्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पेटीत आठ पिल्लं झाली होती. तीन अंडी तशीच राहिली. त्यातलं एक चार नंबरचं. रोज हातात घेताना सुतळीला ते सगळ्यात जड वाटायचं. तिने किती वेळा काचेला कान लावला, पण चार नंबर बोललं नाही.

समारोपाला आजोबांनी माइक हातात घेतला. कागद नव्हता.

"मी आयुष्यभर उघड्या डोळ्यांनी बघा असं शिकवलं," ते म्हणाले. "बघायचं कसं ते या तिघांनी मला शिकवलं. आठ जीव यांनी वाचवले. तीन गेले, ते माझ्यामुळे. मुलांच्या बोलण्याला 'वा, वा, छान' म्हणून पुढे जाऊ नका, एवढंच मोठ्यांना सांगतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंभारकाकांनी भोंग्याला खांद्यावर घेतलं, बाईंनी ताईसाहेबांची पाठ थोपटली. सुतळी मात्र गर्दीतून निसटून मंडपामागे गेली. चार नंबरचं अंडं तिने ओंजळीत धरलं होतं, कुठेतरी पुरायला.

बोर्डापाशी ती थांबली. बटणावर तोच कागद लावलेला होता, आजोबांच्या भाषणाची बाजू वर करून. या वेळी चिकटपट्टीवर भरवसा न ठेवता चारही कोपऱ्यांना छोटे खिळे मारले होते. भाषणावर काट मारून त्याखाली जुन्या वळणाच्या, सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'हा दिवा दिवसा जळू द्यावा.'

मंडपातून आठ गळ्यांची चिवचिव ऐकू येत होती. सुतळीने डोळे पुसले आणि पेटीकडे परत जायच्या आधी खड्ड्यासाठी झाडाखालची मऊ माती शोधू लागली.