तिसऱ्यांदा विचारा, झ्यूसकाका

"शेजारी कुणी काही खायला दिलं, तर लगेच हात पुढे करायचा नाही," कॅरॅव्हॅनच्या दारात उभी राहून आई बजावत होती. "आधी नको म्हणायचं. पुन्हा म्हणाले, तरी नकोच. तिसऱ्यांदा आग्रह केला, की मग थोडंसं घ्यायचं."

"बट का?" आठ वर्षांच्या हरीशने विचारलं. "खूप भूक लागला असेल तर?"

"तरीसुद्धा. हावरट दिसतं ते."

मीनल हरीशची मोठी बहीण. ती बारा वर्षांची, जन्म नॉटिंगहॅमचा, आणि आईचं हे गणित तिथे कधी चाललं नव्हतं. मैत्रिणीच्या घरी एकदा 'नको' म्हटलं की केकची बशी सरळ आत जाई आणि मीनल आवंढा गिळत घरी येई.

"मी डायरेक्ट येस म्हणते," शिल्पा तिच्या कानात कुजबुजली. शिल्पा तिची मावसबहीण, क्रॉयडनहून सुट्टीला आलेली. "मग घरी आल्यावर आईचा लेक्चर ऐकते."

१९८७चा ऑगस्ट होता आणि सगळे स्केगनेसला समुद्रावर आले होते. बाबांना, म्हणजे डॉक्टर राजीवना, हॉस्पिटलातून अखेर सुट्टी मिळाली होती. ती ते आडवं पडून वापरत होते. पाणी प्यायला उठताना त्यांचा पाय हरीशच्या कॉमिकवर पडला. त्यांनी लगेच वाकून कॉमिकला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"बाबा, इट्स ओन्ली अ कॉमिक!"

"कागद आहे ना? मग विद्याच ती."

"बाबा, मला पाठीवर घ्या ना, समुद्रापर्यंत पिगीबॅक द्या."

"नको रे राजा. पाठ धरलीये."

हरीशचा चेहरा एवढासा झाला. त्याने पुन्हा विचारलं नाही. इथल्या मुलांना 'नको' म्हणजे 'नको'च वाटतं.

एवढ्यात शेजारच्या कॅरॅव्हॅनमधून बशा फुटल्याचा आवाज आला. त्या कॅरॅव्हॅनच्या दाराला दोन्ही बाजूंनी पांढरे संगमरवरी खांब होते आणि छपरावर एक मोर बसलेला होता. आईने सकाळीच "हौस असते एकेकाला" म्हणून विषय संपवला होता.

"कुणाला लागलं तर नाही ना? बघून येतो," म्हणत बाबा उठले. ते गेले ते गेलेच. चहा निवला. आई कपडे धुवायला लाँडरेटमध्ये गेली, तरी बाबांचा पत्ता नाही. शेवटी तिघं मुलं शोधायला निघाली, तर शेजारच्या पायरीवर बाबांच्या चपला नीट काढून ठेवलेल्या, आणि त्यांच्याशेजारी पडलेला बाबांचा चष्मा. मीनलने चष्मा उचलून हातात घेतला. चष्म्याशिवाय बाबांना दार आणि भिंत यांतला फरकही कळत नसे.

तिने दार ठोठावलं. आत हाफ पँटमधला एक दाढीवाला धिप्पाड माणूस ऑलिव्हचा वाडगा घेऊन बसला होता. समोर एक उंचनिंच बाई हाताची घडी घालून उभी होती.

"आमचे बाबा इकडे आले होते," मीनल म्हणाली.

"आले होते," माणूस गुरगुरला. खिडकीबाहेर निरभ्र आभाळात वीज चमकली. "आमच्या भांडणात पडले. तरी मी, साक्षात झ्यूसने, त्यांना ऑलिव्ह दिलं. नको म्हणाले! पुन्हा दिलं. पुन्हा नको! मग मी त्यांचं गाढव केलं."

तो अस्खलित मराठी बोलत होता. देवांना सगळ्यांच्या भाषा कळतात, फक्त एकमेकांचं बोलणं तेवढं कळत नाही.

"आणि मी ते गाढव किनाऱ्यावर मुलांना पाठीवरून फिरवणाऱ्या गाढवांत नेऊन सोडलं," ती बाई, म्हणजे त्याची बायको हेरा, शांतपणे म्हणाली. "ह्यांना सापडू नये म्हणून. काल ह्यांनी माझ्या मोराची कोंबडी केली होती."

हरीश पुढे झाला. "बाबा परत माणूस कधी होणार?"

"सूर्य मावळायच्या आत माझ्या हातून काही खाल्लं तर आत्ता. नाहीतर कायमचं गाढव. आणि मी कशाला देऊ? माझा अपमान झालाय."

कायमचं! बाबा थंडीत कुठल्यातरी शेतात उभे आहेत, डोळ्यांवर चष्मा नाही, असं चित्र मीनलच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला रडू फुटणार, तोच तिला आईचे शब्द आठवले.

"पण काका, तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं होतं का?"

"काय?"

"आमच्यात दोनदा नको म्हणायचं असतं. मॅनर्स आहे ते. तिसऱ्यांदा आग्रह केला की घेतात. तुमचा आग्रहच अर्धा राहिला."

"आणि मी ग्रीक गॉड्सवर स्कूल प्रोजेक्ट केलंय," शिल्पा पुढे सरसावली. "झ्यूस म्हणजे गेस्ट्सचा देव. पाहुण्याला नीट विचारायचं, हा तुमचाच रूल ना?"

हेरा इतकी हसली की मोर दचकून छपरावरून उडाला. "पाहुण्यांचा देव, आणि अर्धवट आग्रह! ऑलिम्पसवर सगळ्या देवांना सांगते थांबा."

झ्यूसचे कान लाल झाले. "बरं, बरं. विचारतो तिसऱ्यांदा. पण त्यातलं माझं गाढव कुठलं, ते मलाही ओळखू यायचं नाही. चुकीच्या गाढवाला भरवलं, तर तेच माणूस होईल. मग तेच घरी न्यावं लागेल तुम्हाला."

सगळे किनाऱ्याकडे धावले. सूर्य मागे गावाच्या छपरांना टेकत आला होता. गाढवांची मालकीण डोरीन शेवटची फेरी संपवून आपली गाढवं रांगेने घराकडे हाकत होती. सगळी करडी, सगळी मऊ कानांची. हरीश एकेकाच्या कानाशी जाऊन "बाबा?" म्हणत होता, आणि प्रत्येक गाढव त्याला "ह्यां" म्हणून उत्तर देत होतं.

"काहीतरी बाबांसारखंच असेल ना त्याच्यात," मीनल स्वतःशीच पुटपुटली. "बाबांना सवयी काय थोड्या आहेत?" तिची नजर हरीशच्या काखेतल्या कॉमिकवर गेली. "हरीश, ते दे!"

"पण नवीन आहे..." हरीश म्हणाला. मग त्याने गाढवांकडे बघितलं आणि कॉमिक तिच्या हातात दिलं.

मीनलने पानं सुटी केली आणि तिघांनी ती गाढवांच्या वाटेवर वाळूत पसरली. पहिलं गाढव त्यांच्यावरून बिनधास्त चालत गेलं. दुसऱ्याने एक पान खाल्लं. मागची दोन कागद तुडवून पुढे झाली. त्यांच्यानंतरच्या गाढवाचा पाय एका पानावर पडला आणि ते जागच्या जागी थांबलं. त्याने पाय मागे घेतला, मान खाली घातली आणि कपाळ हळूच त्या पानाला टेकवलं.

"बाबा!" हरीशने त्याच्या गळ्याला मिठी मारली.

झ्यूस धापा टाकत आला आणि त्याने तळहातावर ऑलिव्ह धरलं. "घ्या हो डॉक्टर. आता तिसऱ्यांदा विचारतोय."

गाढवाने ऑलिव्ह हुंगलं आणि तोंड फिरवलं. बाबांना ऑलिव्ह मुळीच आवडत नसे. गावाच्या छपरांवर आता सूर्याची नुसती किनार उरली होती.

"बाबा, दोनदा नको म्हणून झालंय," मीनल त्याच्या कानाशी म्हणाली. "हे तिसरं आहे. आता घेतलं तर कुणी हावरट म्हणणार नाही. प्लीज घ्या ना."

गाढवाने तिच्याकडे बघितलं. मग एक ऑलिव्ह घेतलं. एकच, थोडंसं.

वाळूचा एक लोट उठला. तो बसला तेव्हा तिथे बाबा अनवाणी उभे होते, गळ्यात लगाम आणि गालात ऑलिव्ह. त्यांनी बी सभ्यपणे हातात काढली. "छान आहे हो," ते झ्यूसला म्हणाले. बाबांच्या तोंडून इतकं धडधडीत खोटं मीनलने पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिला ते फार आवडलं. तिने चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि मग मात्र ती त्यांच्या शर्टात तोंड खुपसून मनसोक्त रडली.

"आमच्या वीरांना जमलं नसतं, ते या पोरीने केलं," हेरा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली.

"कागदाला पाय लागला की नमस्कार करतो म्हणून हसायचात ना मला?" बाबा म्हणाले. "आज तिघांनी वाचवलंत रे मला."

तेवढ्यात आई हाका मारत आली. नवरा शेजाऱ्यांबरोबर फिरायला गेला असणार, अशी तिची समजूत होती. तिने झ्यूस-हेराला चहा-चिवड्याला बोलावलं. झ्यूसने मीनलकडे चोरून पाहिलं.

"नको, नको," तो म्हणाला. आईने पुन्हा म्हटलं. "नको हो." तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो निघालाच.

"किती चांगलं वळण आहे या लोकांना," आई मागे वळून मुलांना म्हणाली. "शिका जरा."

बाकीची मोठी माणसं पुढे गेली. हरीश बाबांच्या शेजारून चालत होता.

"बाबा, पिगीबॅक द्याल?"

"नको रे, आज मुलांना फिरवून फिरवून पाठीचं पार भजं झालंय."

"द्या ना, बाबा."

"नको रे राजा, खरंच."

हरीश थांबला. त्याने मीनलकडे बघितलं. मीनलने हळूच मान हलवली.

"बाबा," हरीश म्हणाला, "द्या ना."

बाबा हसले आणि त्याच्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसले.