अकलेच्या गोळ्या

बघायचं तर माणसानं सरळ बघावं, नाहीतर बघूच नये. हा आवाजवाला मात्र कानाला हेडफोन लावून, लांब काठीवर माइक धरून भाचीकडे बघत राही, आणि तिनं मान वर केली रे केली की छताकडे! शूटिंगच्या कपड्यांना टाके घालता घालता मावशी सगळं बघत होती. तिला हे मुळीच खपत नव्हतं.

भाचीचा हा पहिलाच सिनेमा. गोष्ट अशी, की निळी गोळी खाऊन नायकाची अक्कल दहापट होते आणि मारेकरी त्याच्या मागे लागतात. त्या गोळ्या भाची करायची, पिठीसाखर आणि दूध पावडर मळून. बोटं कायम निळी. डबीत बारा ठेवायच्या. पण तीन दिवस रोज एक कमी भरे, आणि ती गुपचूप नवी वळे.

चौथ्या दिवशी पाइपातून खोटा पाऊस सुरू झाला. नायकानं गोळ्या टेबलावर ओतल्या, मोजल्या... अकरा!

"कट! इतकंही जमत नाही?" दिग्दर्शक कडाडला. "सामान ठेव आणि घरी जा."

भाचीनं रडतच डबी आवरायला घेतली. तेवढ्यात वरची काठी हलली.

"मी... मी खाल्ली," आवाजवाला म्हणाला. "रोज मीच खातो."

"का रे? घरी जेवायला घालत नाहीत?" कुणीतरी खिदळलं.

"तसं नाही... हिच्याशी काय बोलावं ते सुचेना. नायकाला कसं, खाल्ली की सुचतं—"

"अरे, साखर आहे ती नुसती!" भाची म्हणाली.

"माहीत आहे. तू मळतेस तेव्हा बघतो की."

"मग खातोस कशाला?"

"तुझ्या हातची असते..."

पाइप ठिबकत राहिला. भाचीनं निळ्या बोटांनी गाल पुसला, गालही निळा झाला, आणि ती हसली. या वेळी त्यानं छताकडे पाहिलं नाही.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "बाई, वळ आणखी एक. आणि थांब इथंच."

मावशी गळ्यातली टेप सावरत उठली, थेट आवाजवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चार गोळ्या खाल्ल्यास, पोरीला रडवलंस, आणि तोंड उघडलंस ते पन्नास माणसांत! अकलेच्या नावानं बोंब आहे तुझी. पण आळ तिच्यावर आला तेव्हा गप्प नाही बसलास..." तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "चालशील!"