गुरुवारचा पेशंट

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला धाप लागली होती.

मनोविकार विभागाच्या लांब व्हरांड्यात, खिडकीखालच्या बाकावर तो बसला होता. एक हात छातीवर, दुसऱ्याने बाकाची कड घट्ट धरलेली. मी नवीन शिकाऊ डॉक्टर. हातातली पुस्तकं खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसून नाडी धरली. नाडी संथ होती. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

"माझ्याकडे बघा. काही होणार नाही. माझ्याबरोबर श्वास घ्या... आता सोडा... आणखी हळू."

तो बघत राहिला. त्याचे डोळे तपकिरी होते, हे मी लक्षात ठेवलं – निदानासाठी त्याचा काहीही उपयोग नव्हता.

"असं आधी कधी झालं होतं? झोप कशी आहे?"

"झोप?" तो जरा अडखळला. "झोप उत्तम. दुपारचीही लागते."

तेवढ्यात समोरच्या खोलीचं दार कर्रर्र करत उघडलं आणि त्याने दाढ दुखावी तसा चेहरा केला. दारात आमच्या मॅडम उभ्या होत्या.

"या पेशंट, वर्ग जमलाय."

तो उठला. धाप कुठच्या कुठे गेली होती. जाताना माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "धीर फार छान देता तुम्ही. पण सॉरी हं डॉक्टर... मी तुमचा आजचा धडा आहे."

माझे कान तापले ते संध्याकाळपर्यंत.

मॅडमची शिकवायची एक पद्धत होती. खरे पेशंट तपासायला देण्याआधी आम्हाला दर गुरुवारी एक खोटा पेशंट मिळायचा. आजार कोणता, ते फक्त त्याला आणि मॅडमना ठाऊक. आम्ही प्रश्न विचारायचे, निदान करायचं, उपचार सुचवायचे. खोलीत खुंटीवर एक राखाडी स्वेटर होता. तो अंगात असेपर्यंत तो माणूस पेशंट. स्वेटर काढला की तो स्वतः. मग तो सांगायचा, कुठल्या प्रश्नाने मन मोकळं झालं आणि कुठल्या प्रश्नाने तोंड शिवलं गेलं.

आमचा हा पेशंट एरवी मामाच्या दुकानात वाद्यं दुरुस्त करायचा आणि हौशी नाटकांत कामं करायचा. कान इतका तिखट, की त्या दाराच्या प्रत्येक कुरकुरीला त्याचा चेहरा वाकडा व्हायचा. अंगात स्वेटर असला तरीही!

"एवढे डॉक्टर आहात," तो म्हणायचा, "आणि या दाराचं दुखणं कुणालाच दिसत नाही?"

एका गुरुवारी त्याला हात धुण्याचा मंत्रचळ होता. माझी पाळी आली. मी विचारलं, "दिवसातून किती वेळा हात धुता?" त्याने हात मांडीखाली दडवले आणि गप्प बसला. स्वेटर काढल्यावर म्हणाला, "आकडा सांगायची लाज वाटली हो. 'हात धुण्यात बराच वेळ जातो का?' असं विचारलं असतंत, तर सगळं सांगितलं असतं." त्यानंतर आजतागायत मी तो प्रश्न तसाच विचारत आले आहे.

दुसऱ्या एका गुरुवारी त्याला उन्माद चढला. त्याने मॅडमसमोर अख्खा विभाग विकत घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, "या झोपवाल्या डॉक्टरांना दुप्पट पगार!" मी नेहमी झोपेपासूनच सुरुवात करायची, म्हणून हे नाव. स्वेटर खुंटीला लावताना तो माझ्याजवळ थांबला.

"विभाग परत केला मॅडमना. तुमच्या पगाराचं मात्र मी मनापासून बोललो होतो."

"मग कधीपासून देताय?"

"पुढच्या गुरुवारी येऊन सांगतो."

घरी आम्हा दोघी बहिणींची एकच खोली, एकच आरसा. "गुरुवार आला की तुझी वेणी बरी नीट बसते गं," ताई म्हणायची. "आजार कुठला आहे त्याला या आठवड्यात?"

"अजून माहीत नाही."

"आणि तुला?"

मी वेणीचं रबर तोंडात धरायची. म्हणजे उत्तर द्यावं लागत नसे.

मग नैराश्याचा गुरुवार आला.

तो स्वेटर घालून बसला. आवाज खाली, नजर फरशीवर. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत बराच वेळ जायचा. आम्ही सगळ्यांनी अचूक निदान केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. तो उठला, स्वेटर काढून खुंटीला अडकवला. पोरं एकेक करून बाहेर पडू लागली. दार कुरकुरलं... पुन्हा कुरकुरलं... पुन्हा...

त्याने मानही वर केली नाही.

मी जागची हलले नाही. सुरुवातीला तो स्वेटर त्याला खांद्यात काचायचा. मघाशी तोच गोणपाटासारखा लोंबत होता. स्वेटर तर तोच होता.

व्हरांड्यात तो त्याच बाकावर जाऊन बसला. मी शेजारी बसले.

"झोप कशी आहे?"

"स्वेटर काढलाय मी, डॉक्टर."

"माहीत आहे. म्हणूनच विचारतेय."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर झाडाची पानं वाऱ्याने काचेवर टकटक करत होती.

"पहाटेच जाग येते," शेवटी तो म्हणाला. "मग नुसता पडून राहतो. दुकानात एक व्हायोलिन उघडून ठेवलंय, त्याला हात लावावासा वाटत नाही. मामा विचारतो, काय झालं? काय सांगू? काहीतरी व्हायला तर हवं होतं ना... काहीच झालं नाही."

"जगू नये, असं वाटतं?"

"नाही." मग बाकाची कड धरत, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. ते त्यातच धरतात का?"

"धरतात," मी म्हणाले. माझा आवाज स्थिर राहिला, याचं मला आजही नवल वाटतं. "जीव द्यायचा विचार? कसा द्यायचा, वगैरे?"

"नाही. तेवढा उत्साह कुठाय?"

"मग आत्ता मॅडमकडे चला. मी बरोबर येते."

"मॅडमकडे?" तो कसनुसा हसला. "त्यांनी आत्ताच टाळ्या वाजवल्या. नको. तुम्ही विचारलंत म्हणून बोललो. औषध द्यायचं तर तुम्ही द्या. तुमच्याकडे येईन मी... दुसऱ्या कुणाकडे नाही."

मी हो म्हटलं असतं तर तो दर आठवड्याला माझ्यासमोर बसला असता. पेशंट म्हणून, कायमचा. नाही म्हटलं तर तो उठून निघून जाण्याची भीती. आणि त्याला उपचार तर आजच हवे होते.

"मी तुमची डॉक्टर होऊ शकत नाही."

"का? अभ्यास कच्चा आहे?"

"अभ्यास पक्का आहे. नियम आड येतो."

"कसला नियम?"

"ज्याची आपण... ज्याची आपण गुरुवारपासून गुरुवारपर्यंत वाट बघतो – त्याच्यावर उपचार करता येत नाहीत."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने मान वळवून नीट माझ्याकडे पाहिलं. आणि उठला. आम्ही मॅडमच्या खोलीपर्यंत गेलो, तो आत गेला, आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.

त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या लागू पडायला काही आठवडे जातात, हे मला पुस्तकातून पाठ होतं. ते आठवडे केवढे असतात, ते पुस्तकात नव्हतं. मॅडम त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसत आणि मीही विचारत नसे. स्वेटरमध्ये आता दुसरंच कोणी बसायचं. तो तपासणीला यायचा तेव्हा व्हरांड्यात दिसायचा. मी मान हलवायची, तो मान हलवायचा. बस्स.

"आणि बरा झाला की इकडे फिरकणारही नाही," ताई म्हणाली. चिडवत नव्हती, माझी वेणी घालत होती. "आपल्याला त्या अवस्थेत पाहिलेला माणूस कुणाला परत बघावासा वाटतो गं?"

मलाही तेच वाटत होतं. मी जे बोलले ते एका आजारी माणसाशी बोलले होते. बऱ्या माणसाला ते नको असू शकतं. तसं झालं, तर तो बरा झाल्याचा आनंदच मानायचा, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

एके दिवशी कॉफीच्या मशीनपाशी तो मागे येऊन उभा राहिला.

"तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलंय," तो म्हणाला. "विसरलो नाही. पण मॅडमनी बजावलंय, पूर्ण बरं वाटेपर्यंत मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. नोकरी, घर, लग्न..."

"मॅडम 'लग्न' म्हणाल्या?"

"त्या नोकरी आणि घर म्हणाल्या."

कॉफी माझ्या हातावर सांडली. चटका नंतर जाणवला. आधी जाणवलं ते हे, की इतक्या आठवड्यांनी तो विनोद करत होता. औषध लागू पडलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस तो दिसला नाही. झाडाची पानं गळली, नवी आली. मी कुणाला काही विचारलं नाही.

मग एका गुरुवारी मी वर्गाच्या आधी पोचले आणि खोलीचं दार ढकललं. आवाज झाला नाही. मला वाटलं, माझ्याच कानांना काही झालंय. पुन्हा बंद करून उघडलं. नाहीच.

पेशंटच्या खुर्चीत तो बसला होता. बाह्या दुमडलेल्या, बोटांना काळं तेल, पायाशी तेलाची छोटी डबी. स्वेटर खुंटीवर होता.

"दुखणं जुनं होतं," तो म्हणाला, "पण उपचार सोपे निघाले."

मी समोरच्या खुर्चीत बसले. जे नेहमी विचारायची तेच विचारलं.

"झोप कशी आहे?"

"उत्तम. दोन महिने झाले. काल रात्री मात्र अजिबात लागली नाही."

"का?"

"आज मोठा निर्णय घ्यायचा होता."

"नोकरीचा... की घराचा?"

"मॅडम ज्याचं नाव काढायला विसरल्या, तो." त्याने हात पुढे केला, बोटांचं तेल बघून मागे घ्यायला लागला. मी तो मागे घेऊ दिला नाही.

दाराचा आवाज बंद झाल्याचा एक तोटा होता, तो आम्हाला तेव्हाच कळला. वर्गातली सगळी पोरं केव्हाची दारात येऊन उभी होती आणि सर्वांत पुढे मॅडम. टाळ्यांची सुरुवात त्यांनीच केली.